सहगुणक : अक्षराशेजारचा आकडा काय सांगतो?

कल्याण पूर्वेला आमच्या वस्तीत एक अभ्यासिका चालते. खोली दहा बाय पंधराची. दोन ट्यूबलाइट, एक फळा आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या. रविवारी सकाळी आठवी ते दहावीची मुले जमतात. इंग्रजी आणि विज्ञान शिकवायला कॉलेजात जाणारी दोन मुले येतात. गणित आमच्या वाट्याला आले आहे. आमचे शिक्षण बी. कॉम., नोकरी कारकुनाची. हिशेबात हात चालतो म्हणून कार्यकर्त्यांनी ही जबाबदारी आमच्या गळ्यात घातली आणि आम्हालाही नाही म्हणवले नाही.

नववीचे बहुपदींचे प्रकरण चालू होते. फळ्यावर लिहिले होते : क्ष चा वर्ग, वजा ३ क्ष, अधिक ५. (मुलांच्या पुस्तकात इंग्रजी अक्षर असते, येथे आपण क्ष म्हणू.) आम्ही विचारले, सहगुणक सांगा. मुले म्हणाली, पहिल्याला सहगुणक नाही, दुसऱ्याचा ३. दोन्ही उत्तरे चूक. पहिल्याचा सहगुणक १ आहे. लिहायची पद्धत नाही म्हणून तो दिसत नाही, पण असतो. दुसऱ्याचा वजा ३ आहे. चिन्ह त्याच्याबरोबर जाते, मागे राहत नाही. ५ ला अक्षराची सोबत नाही म्हणून ते स्थिरपद. आणि या राशीत क्ष च्या घनाचा सहगुणक किती, तर शून्य, कारण घन येथे नाहीच. परीक्षेत गुण जातात ते याच तीन-चार ठिकाणी.

एवढे सांगून आम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळणार, तोच एक मुलगी म्हणाली, "काका, सहगुणक म्हणजे अक्षराच्या आधीचा आकडा, हे कळलं. पण तो करतो काय?"

आम्ही म्हणालो, "गुणतो."

"ते तर नावातच आहे," ती म्हणाली.

मुले हसली. आम्हीही हसलो, पण उत्तर आमच्याकडे नव्हते. बी. कॉम.ला आम्ही कार्ल पिअर्सनच्या सहसंबंध गुणांकाचे सूत्र घोकून पाठ केले होते, परीक्षेत बरे गुणही मिळाले होते; पण गुणांक म्हणजे काय, हा प्रश्न ना आम्हाला कोणी विचारला, ना आम्ही कोणाला. पुढचा आठवडा कचेरीत आणि लोकलमध्ये तोच विषय डोक्यात होता.

उत्तर तिच्याच घरात सापडले. तिची आई डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. मजुरी नगावर. पुढच्या रविवारी आम्ही फळ्यावर लिहिले : २०० क्ष. दिवसाला दोनशे पोळ्या, एका पोळीची मजुरी क्ष रुपये. येथे मुले हमखास एक चूक करतात. क्ष म्हणजे पोळी, असे धरतात. क्ष ही पोळी नव्हे, ती एका पोळीच्या मजुरीची रक्कम आहे. अक्षर नेहमी संख्येच्या जागी उभे असते, वस्तूच्या नव्हे. आता मालकाने पोळीमागे चार आणे वाढवले तर दिवसाची मजुरी किती वाढली? ती पटकन म्हणाली, "पन्नास रुपये." आणि दीडशेच पोळ्या लाटणाऱ्या बाईची? साडेसदतीस. वाढ दोघींना सारखीच, पण घरी जाणारी रक्कम सारखी नाही. क्ष जरासा हलला की सगळा हिशेब किती हलेल, हे सहगुणक सांगतो. तेच त्याचे काम.

नावाकडे पाहिले तरी हेच दिसते. इंग्रजी 'कोएफिशंट' या शब्दाचा मूळ अर्थ बरोबरीने कार्य घडवणारा. मराठीतला 'सह' त्याच अर्थाचा आहे. एकटा सहगुणक काही सांगत नाही आणि एकटे अक्षरही काही सांगत नाही. ज्ञात संख्यांनाही अक्षरे द्यावीत ही पद्धत फ्रान्समधल्या विएत या गणितज्ञाने १५९१ च्या ग्रंथात रूढ केली. १६३७ मध्ये देकार्तने वर्णमालेतली सुरुवातीची अक्षरे ज्ञात संख्यांना आणि शेवटची अज्ञातांना दिली. शाळेच्या पुस्तकात आजही तेच चालते.

आपल्याकडे याहून आधी दुसरी तऱ्हा होती. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे आहेत. लिहिताना फक्त या, का, नी, पी. आकडा अक्षराच्या आधी नव्हे, नंतर यायचा : या ५ रू ३ म्हणजे पाच क्ष अधिक तीन. तेव्हा 'अक्षराच्या आधीचा आकडा' ही व्याख्या भास्कराचार्यांपुढे टिकली नसती. आणि वर्गप्रकृती नावाच्या गणितात अज्ञाताच्या वर्गाला गुणणाऱ्या संख्येला त्यांनी शब्द वापरला आहे 'प्रकृती'. आम्हाला हा शब्द फार आवडला. प्रकृती म्हणजे स्वभाव. क्ष कितीही बदलो, त्या गणिताचा स्वभाव तो आकडा ठरवतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटणे येथे या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, तसा १२०७ चा शिलालेख तेथे आहे. त्या मठात कोणाच्या मुलांना बसायला मिळत असेल, हे कळायला मात्र शिलालेखाची गरज नाही.

असो. पुस्तकातला सहगुणक बाहेर कोठे कोठे भेटतो ते पाहू लागलो, तर पहिल्यांदा भेटला रिक्षावाला. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे असे ठरले. (डोंबिवलीत मीटर टाकून नेणारी रिक्षा कोठे मिळते, हा या लेखाचा विषय नाही.) अंतर क्ष धरले तर १७.१४ हा सहगुणक. एका मुलाने सूत्र मांडून पाहिले. दीड किलोमीटरच्या पुढे भाडे येते १७.१४ क्ष अधिक २९ पैसे. म्हणजे ते २६ रुपये काही वेगळे नाहीत, दीडला १७.१४ ने गुणले की २५.७१ येतात, तेच वर ढकलून २६ केले आहेत. हे आमच्याही लक्षात आले नव्हते.

दुसरा भेटला आमच्याच पगारात. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून जुन्या मूळ वेतनाला २.५७ ने गुणून नवे वेतन ठरवले. सात हजार गुणिले २.५७ म्हणजे १७ हजार ९९०, म्हणून किमान वेतन १८ हजार. कचेरीत पेढे वाटले गेले. पण त्या २.५७ च्या पोटात पाहिले तर २.२५ हा जुना पगार आणि त्यावर तेव्हा मिळतच असलेला १२५ टक्के महागाई भत्ता. खरी वाढ उरली सुमारे १४ टक्के. गुणांक मोठा दिसला म्हणून हुरळायचे नसते, तो कशाकशाचा बनला आहे ते पाहायचे असते. आणि आमच्याच कचेरीत झाडू मारणारा कंत्राटी कामगार? त्याच्या मजुरीला तो २.५७ लागलाच नाही. क्ष त्याच्याकडेही होता.

विज्ञानात हा आकडा पदार्थाच्या अंगातून येतो. येथे ठरवणारा आयोग नाही. मोजूनच काढावा लागतो. आमच्या रोजच्या वाटेवरचे उदाहरण रुळांचे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली. रुळाचे पोलाद तापले की वाढते. किती, ते त्याचा रेषीय प्रसरणांक सांगतो : एका अंशाला ०.००००११५२. म्हणजे एक मीटरचा तुकडा एका अंशाने तापला तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका वाढणार. हसण्यावारी नेण्यासारखा आकडा. पण रूळ एक मीटरचा नसतो आणि ऊनही एका अंशाचे नसते. ठाणे ते कल्याण साधारण वीस किलोमीटर धरा आणि थंडीतली पहाट ते उन्हातली दुपार यांत रुळाच्या तापमानाचा फरक तीस अंश धरा. गुणून पाहिले तर जवळजवळ सात मीटर येतात. रूळ मोकळा असता तर एवढा लांबला असता.

पूर्वी १३ मीटरचे रूळ जोडपट्ट्यांनी जोडत आणि मध्ये थोडी फट ठेवत. गाडीचा तो खटक-खटक आवाज त्या फटींचा. आता रूळ लांबच लांब वितळजोड करून बसवतात. फट नाही, आवाज नाही. पण प्रसरणांक कोठे गेला? तो गेलेला नाही. स्लीपर आणि खडी रुळाला आवळून धरतात, म्हणून लांबी न बदलता आतला ताण बदलतो. उन्हाळ्यात दाब, थंडीत ओढ. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे एखाद्या कच्च्या जोडापाशी ती ओढ सहन होत नाही आणि रुळाला तडा जातो. मग फलाटावर घोषणा होते, आणि आमच्या हजेरीपटावर लाल शेरा पडतो.

अॅल्युमिनियमचा हा आकडा पोलादाच्या दुप्पट आहे. काँक्रीटचा मात्र जवळजवळ पोलादाइतकाच, आणि हा योगायोग माणसाच्या फार कामी आला. दोघे उन्हात सारखे वाढतात, थंडीत सारखे आकसतात, म्हणून काँक्रीटच्या पोटातली सळई त्याला फोडून बाहेर येत नाही. दोघांचे स्वभाव जुळले नसते तर ठाण्या-डोंबिवलीतल्या या इमारती उभ्याच राहिल्या नसत्या. (सळई गंजली तर ती फुगते आणि काँक्रीट फोडते, तो दोष गंजाचा, प्रसरणांकाचा नव्हे.)

रसायनशास्त्रात हाच शब्द समीकरणाच्या तोलासाठी येतो. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक मिळून पाण्याचे दोन रेणू. हे पुढे लिहिलेले दोन म्हणजे गुणांक. तोल जमत नाही म्हणून काही मुले अक्षराच्या पायथ्याशी असलेला बारीक आकडा बदलतात. तसे करू नये. एच-टू-ओ मधल्या ओ च्या पायथ्याशी दोन लिहिला तर पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते. रेणू किती घेतले हे गुणांक सांगतो. रेणू कशाचा बनला हे तो बारीक आकडा.

पिअर्सनचा गुणांक किंवा विषमता मोजणारा गिनी गुणांक हे थोड्या वेगळ्या जातीचे. ते कोणा क्ष ला गुणत नाहीत. एक मोजपट्टी आहे, तिच्यावर आपण कोठे उभे आहोत एवढे ते दाखवतात. गिनी शून्य असेल तर सर्वांचे उत्पन्न समान, एक असेल तर सगळे एकाच्या घरात. नाव एक म्हणून काम एक समजू नये.

आता ज्या गुणांकामुळे हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो.

आमची वस्ती वालधुनीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी आहे. काही वर्षांपूर्वी नाल्यावर रस्ता रुंद झाला आणि खाली नवी मोरी बांधली गेली. त्या पावसाळ्यापासून जोराची सर आली की पुढच्या दोन ओळींतल्या घरांत पाणी शिरू लागले. पीठ, पुस्तके, गाद्या सगळे माळ्यावर. अर्ज घेऊन आम्ही पाच-सहा जण संबंधित कचेरीत गेलो. यंदा पाऊसच फार झाला, असे ऐकायला मिळाले. एक तरुण अभियंता मात्र भला निघाला. त्याने मोरीच्या हिशेबाचा कागदच समोर ठेवला. सूत्र एका ओळीचे : वाहणारे पाणी म्हणजे अपधाव गुणांक गुणिले पावसाचा जोर गुणिले क्षेत्रफळ.

अपधाव म्हणजे जमिनीत न मुरता वाहून जाणारे पाणी. पडलेल्या पावसाचा किती हिस्सा वाहून नाल्यात येणार, ते हा गुणांक सांगतो. बागेच्या, खेळाच्या मैदानाच्या मातीला तो साधारण ०.१ ते ०.३५ धरतात, पत्रे, गच्ची, काँक्रीट यांना ०.७५ ते ०.९५. एक हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते पाच लाख लिटर. गुणांक ०.३ असेल तर नाल्याकडे दीड लाख लिटर निघतात. ०.९ असेल तर साडेचार लाख. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे तर पंधरा टँकर आणि पंचेचाळीस टँकर. पाऊस तेवढाच. ढगाने एक थेंबही जास्त टाकलेला नाही.

मुंबईने याची किंमत मोजलेली आहे. तेथली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ गुणांक धरून केलेली होती. म्हणजे अर्धे पाणी जमीन पिईल, असा भरवसा. शहर काँक्रीटचे होत गेले तसा तो भरवसा खोटा ठरत गेला. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तासाला ५० मिलिमीटर आणि गुणांक १ धरा असे सुचवले. पाऊस दुप्पट, गुणांक दुप्पट, म्हणजे वाहून न्यायचे पाणी चौपट. ते काम रेंगाळले असतानाच २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास आणि वालधुनी फुगून कल्याण, उल्हासनगर, बदलापूरकडची घरे पाण्यात गेली. पुढे जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, तिचा अहवाल २००६ मध्ये आला. एवढ्या पावसापुढे कोणताही नाला अपुरा पडला असता हे खरे. पण दरवर्षीच्या साध्या सरीतही घरात पाणी येते, त्याला २६ जुलैचे नाव पुढे करता येत नाही.

आमच्या मोरीच्या कागदावर गुणांक होता ०.५. का, असे विचारले. तो अभियंता म्हणाला, आधीच्या कामाच्या हिशेबातून घेतलेला आहे. आधीचे काम केव्हाचे? तेव्हा नाल्यापलीकडे भाताची खाचरे होती. आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ती आठवतात. खाचराला चारी बाजूंनी बांध असतो; त्यात पाणी दिवसेंदिवस उभे राहते, नाल्याकडे धावत नाही. आता तेथे सात मजली इमारती आहेत, त्यांची आवारेही काँक्रीटची. जमीन बदलली आणि कागदावरचा आकडा तसाच राहिला. त्यातही जून महिन्यातल्या कोरड्या मातीचा गुणांक आणि जुलैत चार दिवस भिजून तुडुंब झालेल्या मातीचा गुणांक एक नसतो, हे त्या भल्या माणसानेच सांगितले. पुस्तकात सहगुणक ठाम असतो. नाल्यावर तो ठाम नसतो, आणि तो चुकला की पाणी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जात नाही. ते काठावरच्या घरात येते. काठावर कोण राहते हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

रविवारी हा कागद आम्ही अभ्यासिकेत नेला. म्हटले, आपल्या वस्तीचा गुणांक आपणच काढू. मुलांनी चौकटीच्या कागदावर वस्तीचा नकाशा काढला, पावलांनी अंतरे मोजली. एकूण क्षेत्र आले चार हेक्टरच्या आसपास. पत्रे आणि गच्च्या २.२ हेक्टर, त्यांना ०.९. काँक्रीटच्या गल्ल्या १ हेक्टर, त्यांना ०.८. शाळेचे मातीचे मैदान आणि इतर मोकळी जागा ०.८ हेक्टर, तिला ०.३. प्रत्येक भाग आपापल्या गुणांकाने गुणला, बेरीज ३.०२ आली, चाराने भागली. उत्तर ०.७५५. तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत वस्तीवर २० लाख लिटर पाणी पडते. मोरीच्या हिशेबाप्रमाणे त्यातले १० लाख वाहायचे. मुलांच्या हिशेबाप्रमाणे १५ लाखांहून थोडे जास्त. वरचे पाच लाख लिटर, म्हणजे पन्नास टँकर, जातात कोठे हे मुलांना विचारावे लागले नाही. त्यांच्यातल्या चौघांची घरे पहिल्या ओळीत आहेत.

ही मोजणी पावलांची आहे, साखळीची नव्हे, हे आम्ही नव्या अर्जात स्पष्ट लिहिले आणि रीतसर मोजणी करून गुणांक पुन्हा धरावा अशी मागणी केली. खाली मुलांचा नकाशा जोडला. पोचपावती घेतली आहे, उत्तर यायचे आहे.

अर्जाची प्रत अभ्यासिकेत वाचून दाखवत होतो, तेव्हा तीच मुलगी मध्ये म्हणाली, "काका, शाळेच्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवणार आहेत. बाईंनी सांगितलं." तिने ०.३ खोडून तेथे ०.८ लिहिले आणि बेरीज पुन्हा केली. ०.८५५ आले. अर्ज परवाच दिला होता. आता पुरवणी अर्ज द्यावा लागणार.